पहिल्या पत्रात मागायचं नाही

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात माझा आवाज चढला की शेजारची खिडकी बंद होते, आणि ऑफिसात शिपाई माझ्या टेबलाला वळसा घालून जातो. राग आला की राग, आनंद झाला की आनंद, माझ्या पोटात काही राहतच नाही. पण कागदावर इंग्रजी लिहायला बसले, की ही मीच का, असा प्रश्न मलाच पडतो. तिथे मी इतकं हळू बोलते की वाचणाऱ्याला कान पुढे करावा लागतो. हे मला सासूबाईंनी शिकवलं. आणि सासूबाई म्हणजे, देवा रे, माझ्या दुप्पट तोंडाळ!

आमचा छापखाना अंध मुलांसाठी पुस्तकं छापतो. शाईचा थेंब लागत नाही. आधी जस्ताच्या पत्र्यावर ठिपके उठवायचे, मग तो पत्रा दाबून जाड कागदावर तेच ठिपके उमटवायचे. ठिपके उठवणारं यंत्र एकच, एक्केचाळीस वर्षांचं. ते माझा नवरा सांभाळतो, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त सांभाळतो. छापलेलं पान वाचककाका बोटांनी तपासतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही, आणि आम्हा डोळसांच्या चुका मात्र त्यांच्या बोटाखालून सुटत नाहीत. पत्रव्यवहार माझ्याकडे. माझ्याआधी तो एकतीस वर्षं सासूबाईंकडे होता.

सासूबाई शिकल्या सातवीपर्यंत. टाइपिंग येत होतं म्हणून नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात परदेशी पत्रं अंगावर पडली. निवृत्त होताना त्यांनी माझ्या हातात एक लांबट वही ठेवली. तिच्यात इंग्रजी वाक्यं होती, आणि ती ए-बी-सी-डीप्रमाणे लावलेली नव्हती. ती लावली होती मनाप्रमाणे. प्रत्येक पानाला मराठीत मथळा. 'राग आहे, पण संबंध तोडायचे नाहीत.' त्याखाली: आय वुड हॅव होप्ड, म्हणजे मला आपली आशा होती हो. 'चूक आपली, पण गुडघे टेकायचे नाहीत.' 'समोरच्याला लाज वाटलीय, आपण पाहिलंच नाही असं दाखवायचं.' 'आजारी आहे, पण आजाराचं नाव घ्यायचं नाही.' 'आनंद झालाय, पण नाचायचं नाही.' ह्या पानावर तर एकच शब्द चार वेळा गिरवलेला होता: रादर. 'रादर प्लीज्ड' म्हणजे थोडा खूश. मी विचारलं होतं, "आई, थोडाच खूश?" त्या म्हणाल्या, "अगं, आपण आनंदाने भांडी वाजवतो ना, तेवढा आनंद झाला की ही माणसं 'रादर' लिहितात."

शेवटच्या पानाचा मथळा होता 'कुणी गेलं.' त्याखाली फक्त एक ओळ. मस्टन्ट ग्रम्बल. कुरकुर करायची नाही.

ही वाक्यं कुठून आणली, हे मी कधी विचारलं नाही. असतील कुठल्या पुस्तकातली, असं धरून चालले. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोन नियम होते, ते मात्र पाठ केले. एक, पहिल्या पत्रात मागायचं नाही. दोन, कमी लिहिलं तरी चालेल, खोटं लिहायचं नाही.

तर तीन महिन्यांपूर्वी, अकरा तारखेला, यंत्राचा जबडा फुटला. यंत्रात सहा सुया असतात, एकेक ठिपक्याची एकेक. त्या ज्या पोलादी तुकड्यात बसतात त्याला माझा नवरा जबडा म्हणतो. कडाक् असा आवाज आला आणि नवरा जेवणाचा डबा तसाच टाकून पळाला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी चक्क गप्प बसले, ह्यावरून काय ते समजा.

त्याने ओळखीच्या लेथवाल्याकडून एकामागून एक तीन जबडे करून घेतले. तिन्ही वेळा ठिपके उठले. वाचककाकांनी पानावर बोट फिरवलं आणि तिन्ही वेळा मान हलवली. "चौथा ठिपका तोतरा बोलतोय," ते म्हणाले. दिसायला सहाही सारखे होते. पण गणिताच्या पुस्तकात एक ठिपका तोतरा झाला की आकडाच बदलतो, आणि मुलं बिचारी चुकीचं गणित बरोबर सोडवत बसतात.

हा जबडा नीट करू शकणारा माणूस जगात एकच, हे यंत्र ज्याने बनवलं तो समुद्रापलीकडचा म्हातारा. सासूबाईंची एकतीस वर्षं त्याच्याशीच पत्रापत्री. सासरे होते तेव्हा चिडवायचे, "तुझ्या म्हाताऱ्याचं पत्र आलंय गं!" खरं तर तो त्यांच्याहून पाचच वर्षांनी मोठा. सासूबाईंनंतर मी लिहायला लागले तोवर त्याचा कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला होता; लेथची जुनी खोली तेवढी त्याच्याकडे राहिली होती. आता तर त्या कंपनीनेही जुन्या यंत्रांची पत्रं घेणं बंद केलं होतं.

आमचे व्यवस्थापक नवीन. वय तिशीचं, माणूस वाईट नाही, पण कपड्यांना इतकी इस्त्री की बसताना मोडेल की काय अशी भीती वाटावी. मी त्यांना मनात इस्त्रीसाहेब म्हणते. त्यांनी म्हाताऱ्याच्या मुलीचा ईमेल शोधून काढला आणि एका आठवड्यात तीन ईमेल धाडले. तातडीची गरज, कृपया त्वरित कळवा, मुलांच्या भवितव्याचा प्रश्न, सगळं त्यात होतं. तिसऱ्याला मुलीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. वडील आता कामं घेत नाहीत, ते कारखान्याच्या खोलीत जातही नाहीत, कृपया पुन्हा लिहू नये.

"संपलं," इस्त्रीसाहेब म्हणाले. मग त्यांनी छापखाना चालवणाऱ्या समितीचा निरोप सांगितला. पुढल्या महिन्यानंतरच्या महिन्यात, पंधरा तारखेला सभा. तोवर यंत्र चालू झालं नाही तर ते भंगारात जाणार, छापखाना बंद, आणि गोष्टींची पुस्तकं बाहेरून छापून घेणार. गणिताच्या पुस्तकांना बाहेर कुणी हात लावत नाही, ती छापायचीच नाहीत. वाचककाका शेजारीच उभे होते. त्यांनी आपला चष्मा पुसला. दिसत नसताना हा माणूस चष्मा रोज पुसतो.

माझं डोकं भणाणलं. "मला एक पत्र लिहू द्या," मी म्हटलं.

"मॅडम, तीन ईमेल गेलेत."

"ईमेल मुलीला गेलेत. म्हाताऱ्याला कुणी लिहिलंय?"

पत्ता जुन्या फायलीत होता. कारखान्याची खोली त्याच्या घराच्या मागेच होती, म्हणजे पत्र नेमकं त्याच्या दारात पडणार. मी टेबलाशी बसले, मुलीच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, आणि मला एकदम कळलं. जो माणूस आपल्या खोलीत पाऊलही टाकत नाही, तो नाही म्हणत नसतो, त्याला तिथे जाववत नसतं. घरातलं कुणी गेलं की आपण त्या खोलीची कडी लावून घेतो, तसं. मग मी वहीतलं शेवटचं पान उघडलं.

पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. झालं मात्र आठ ओळींचं. त्यात मी लिहिलं, की आपण आता कामं घेत नाही असं ऐकलं. आपण पाठवलेलं यंत्र अकरा तारखेपर्यंत रोज चाललं. त्या दिवशी जबडा फुटला. माझ्या नवऱ्याने तीनदा प्रयत्न केला, पण आमचे वाचक म्हणतात की चौथा ठिपका ठीक नाही. ती, म्हणजे यंत्र, नॉट क्वाइट हरसेल्फ आहे, तिचं हल्ली बरं नसतं. म्हातारा यंत्राला नेहमी ती म्हणायचा, हे सासूबाईंकडून ऐकलं होतं, म्हणून मीही म्हटलं. ह्यावर काही करता येण्याजोगं असेल असं वाटत नाही, फक्त आपल्याला कळलेलं बरं, म्हणून लिहिलं. वुई मस्टन्ट ग्रम्बल. खाली माझी सही.

इस्त्रीसाहेबांनी ते वाचलं. उलटून मागची बाजूही पाहिली.

"मागणी कुठेय?"

"नाहीये."

"म्हणजे? जबडा पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही!"

"पहिल्या पत्रात मागायचं नसतं."

"अहो मॅडम, दुसऱ्या पत्राला वेळ आहे का आपल्याकडे?" त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हसू दाबलं. "आणि हे काय? मी तिकडे दोन वर्षं शिकलोय. हे लोक बसस्टॉपवर म्हणतात हे. 'काय, कसं काय?' 'चाललंय, कुरकुर नाही.' इथे छापखाना मरायला टेकलाय आणि तुम्ही त्याला हवापाण्याच्या गप्पा लिहिताय! कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

मला असा राग आला, असा राग आला! सासूबाईंना मी घरात रोज बोलते, ते माझं मी पाहीन, बाहेरच्याने त्यांच्या वहीला हसायचं काम नाही. मी म्हटलं, "साहेब, तुमचे तीन ईमेल शुद्ध होते ना? मग त्यांचं काय लोणचं घालायचं का?" आणि पत्र त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

ओढून घेतलं खरं, पण मनात पाल चुकचुकली. माणूस तिकडे राहून आलाय, त्याला कळत असणार. सातवी शिकलेल्या बाईने एखादं वाक्य भलत्याच पानावर लिहून ठेवलं असेल तर? शोक म्हणून लिहावं आणि म्हाताऱ्याला वाटावं, ही बाई माझी थट्टा करतेय!

जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता फायलींच्या खोलीत गेले. वर्षावार गठ्ठे बांधलेले होते, सासूबाईंच्या हाताने. गाठ अशी की दातांनी सोडवावी लागली. म्हाताऱ्याची पत्रं वाचायला लागले आणि पाचव्या-सहाव्या पत्रातच माझा हात थबकला. 'आय वुड हॅव होप्ड.' आमच्याकडून एक सुटा भाग परत जायला उशीर झाला होता, त्यावर त्याने लिहिलेलं. पुढल्या वर्षी 'रादर प्लीज्ड.' आम्ही पहिलं पुस्तक छापून त्याला पाठवलं होतं, त्याची पोच. मी गठ्ठ्यामागून गठ्ठे सोडत गेले. वहीतलं प्रत्येक वाक्य तिथे होतं. पुस्तकबिस्तक काही नव्हतं. ती सगळी वही एकाच माणसाच्या पत्रांतून वेचलेली होती. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं म्हणून त्या तो माणूस शिकल्या होत्या.

मग बाविसाव्या वर्षाचा गठ्ठा. यंत्राखाली घालायच्या फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, गाद्यांची मागणी होती. त्याचं पत्र: गाद्यांना थोडा उशीर होईल, पत्नी नॉट क्वाइट हरसेल्फ आहे. पुढच्या पत्रातही तेच. आणि तिसरं पत्र, चार ओळींचं. पत्नी मंगळवारी गेली. गाद्या शुक्रवारच्या टपालाने निघतील. उशिराबद्दल माफी असावी. मस्टन्ट ग्रम्बल.

त्याला टाचणीने लावलेली आमच्या उत्तराची कार्बन कॉपी होती. सासूबाईंनी टाइप केलेलं एकच वाक्य. आम्हाला गाद्यांची घाई नाही.

मी तिथेच गठ्ठ्यांवर बसले आणि रडले. शिपाई दारात आला, मला पाहिलं आणि पाय न वाजवता परत गेला. मग रडता रडता एकदम ध्यानात आलं. हे शब्द त्याच्या बायकोचे होते! ती आजारी पडली तेव्हाचे आणि ती गेली तेव्हाचे. आणि मी ते घेऊन एका लोखंडी यंत्रासाठी वापरले होते.

संध्याकाळी घरी गेल्याबरोबर मी पत्र सासूबाईंपुढे धरलं. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, काठीशिवाय उठता येत नाही, पण ऐकायला कान आणि बोलायला तोंड ठणठणीत. मी आठही ओळी वाचून दाखवल्या. सगळं सांगितलं, फायली, गाद्या, इस्त्रीसाहेबांचा बसस्टॉप.

"आई, हे पाठवायला नको. त्यांना लागेल."

सासूबाईंनी काठीची मूठ चोळली. "यंत्राला तो ती म्हणायचा," त्या म्हणाल्या. "का म्हणायचा? लोखंडाला कुणी ती म्हणतं का? सूनबाई, ज्याची बायको गेली, कारखाना गेला, त्याला तुझा साहेब लिहितो, तातडीची गरज. आता कुणीतरी त्याला सांगायला नको का, की बाबा, तुझं काय गेलंय ते आम्हाला माहीत आहे?"

"आणि बसस्टॉप?"

"बसस्टॉपवर काय म्हणतात ते साहेबाला विचार. बायको गेल्यावर तो काय म्हणाला ते मला माहीत आहे." मग एकदम आवाज चढवून, "आणि गठ्ठे परत बांधलेस की तसेच पसरून आलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र टपालात टाकलं. एका अक्षराचाही बदल केला नाही.

पहिले दोन आठवडे मी धीराने काढले. तिसऱ्या आठवड्यापासून टपालवाला दिसला की मी जिन्यावर. पाचव्या आठवड्यात तो मला लांबूनच हाताने नाही म्हणायला लागला. इस्त्रीसाहेब रोज सकाळी कॅलेंडरकडे पाहायचे, तेही मला टोचायचं. सातव्या आठवड्यात भंगारवाला आला. यंत्र दारातून निघेल का, हे तो टेपने मोजायला लागला. मी त्याला असं काही झापलं की तो टेप तिथेच टाकून पायऱ्या उतरला. त्या दिवशी नवऱ्याने आपली तेलाची बुदली घरी आणली आणि फडताळात ठेवली. अहो, ही कशाला आणली, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. सासूबाईंनी मात्र ती पाहिली. "उद्या परत ने," एवढंच म्हणाल्या.

तो ती परत घेऊन गेला.

सभेला तीन दिवस राहिले होते. बारा तारीख, सकाळचे अकरा. टपालवाला नाही, कुरिअरवाला आला. त्याच्या हातात लाकडी खोका, आणि खोक्यावर म्हाताऱ्याचं ते तिरकं अक्षर. मी ओरडले, ते म्हणे शेजारच्या इमारतीत ऐकू गेलं. नवरा पाना घेऊन धावला, शिपाई धावला, इस्त्रीसाहेब इस्त्री विसरून जमिनीवर गुडघे टेकून बसले. खोक्यात जुन्या फेल्टच्या गाद्या, आणि गाद्यांत गुंडाळलेले दोन जबडे. एक नव्हे, दोन! नवऱ्याने एक हातात घेतला, उजेडात धरला, अंगठ्याने सहा भोकांवरून हळूच चाचपलं. "ह्याला म्हणतात काम," तो म्हणाला आणि जबडा छातीशी धरून यंत्राकडे पळाला.

जबडा बसवायला दुपार झाली. पहिला पत्रा निघाला, पान दाबलं, वाचककाकांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी हात पुसले. बोट डावीकडून उजवीकडे गेलं. पुन्हा गेलं.

"सहाही जण स्वच्छ बोलतायत," वाचककाका म्हणाले. "चौथा तर जरा जास्तच!"

मग काय विचारता! नवऱ्याने वाचककाकांना कमरेला धरून गरागरा फिरवलं, शिपायाने टेबल बडवलं, आणि मी इस्त्रीसाहेबांच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचा शर्ट कायमचा चुरगळला. ते हसत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं, आणि वहीतल्या त्या पानाप्रमाणे पाहिलंच नाही असं दाखवलं.

खोक्याच्या तळाशी पत्र होतं. ते मी तिथे नाही उघडलं. घरी आणून सासूबाईंपुढे वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

त्याने लिहिलं होतं: आपलं पत्र पोचलं. सही ओळखीची नव्हती, आवाज ओळखीचा होता. मी दोन वर्षं त्या खोलीत गेलो नव्हतो. तिचं बरं नाही हे वाचल्यावर जाणं भाग पडलं. मुलीने हात धरून नेलं. लेथ अजून चालतो, मीही थोडाफार चालतो. पाच आठवडे लागले. मुलगी म्हणते, काम करताना मी शीळ घालत होतो. मी रादर प्लीज्ड आहे. तुम्हाला ज्यांनी लिहायला शिकवलं त्या बाई असतील, तर त्यांना सांगा, एकदा त्यांना माझ्या गाद्यांची घाई नव्हती. ते मी विसरलेलो नाही. ह्या वेळी घाई मला आहे, वय शहाऐंशी, म्हणून दोन जबडे केले. पाठवायच्या आधी दोन्ही माझ्या बोटांनी तपासले. मस्टन्ट ग्रम्बल.

सासूबाईंनी ते तीन वेळा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी डोळे मिटून घेतले.

"आई, आजच उत्तर लिहू या?"

"नाही. आधी समितीसमोर यंत्र चालू दे. पत्रात खोटं लिहायचं नाही."

पंधरा तारखेला इस्त्रीसाहेबांनी स्वतः गाडी आणली आणि सासूबाईंना हाताला धरून छापखान्यात आणलं. समितीचे पाच जण यंत्राभोवती उभे राहिले. नवऱ्याने यंत्र सुरू केलं. खट् खट् खट् असा तो आवाज, दोन महिने ऐकला नव्हता आम्ही! गणिताचं पान निघालं. वाचककाकांनी ते बोटांनी वाचलं, मोठ्याने, घडाघडा, एकही आकडा न अडखळता. समितीचे अध्यक्ष म्हणाले, छापखाना चालू राहील, आणि गणिताची पुस्तकं आधी. पुढचं काही मला ऐकू आलं नाही, कारण मीच टाळ्या वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर इस्त्रीसाहेब पुढे झाले. "ह्या पत्रात मागणीच नाही, असं मी म्हणालो होतो," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "हसलो होतो मी त्याला." मग सासूबाईंकडे वळून, "आजी, ती वही मला मिळेल?"

"वही नाही मिळणार," सासूबाई म्हणाल्या. साहेबांचा चेहरा पडला. "वही घेऊन काय करशील? बसस्टॉपवर वाचशील! माझ्या सूनबाईजवळ बस आणि गठ्ठे वाच. पहिल्या वर्षापासून. आणि सोडलेस की बांधायचे."

"बांधतो," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते खरंच माझ्या टेबलाशी बसायला लागले, आणि मला चक्क त्यांना शिकवायला आवडायला लागलं, पण ते असो.

समिती चहाला गेली आणि सासूबाईंनी काठी आपटली. "कागद घे. आता उत्तर."

मी यंत्राशेजारी स्टूल ओढलं आणि वही उघडली. 'आनंद झालाय, पण नाचायचं नाही' हे पान काढून ठेवलं. "सांगा. काय लिहू, वुई आर रादर प्लीज्ड?"

"लिही, जबडा मिळाला. सहाही ठिपके स्वच्छ आहेत. छापखाना चालू राहिला."

लिहिलं.

"लिही, ज्या बाईंना घाई नव्हती त्या आहेत. वय एक्याऐंशी. मजेत आहेत."

लिहिलं.

"आता लिही, आम्ही नाचलो."

माझं पेन थांबलं. "आई! इंग्रजीत असं नसतं लिहीत. तुमच्याच वहीत मथळा आहे."

"माझी वही, माझा मथळा. एकतीस वर्षं त्याच्यासारखं हळू बोलले. आज एकदा त्याला माझ्यासारखं बोललेलं ऐकू दे."

मी पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "पण खोटं लिहायचं नाही ना? त्या दिवशी आम्ही नाचलो. तुम्ही कुठे नाचलात?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मला वाटलं, आता शिव्या पडणार. मग त्यांनी काठी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, साहेबांचा दंड धरला आणि उठल्या. यंत्र चालूच होतं. त्याच्या खट् खट् वर त्यांनी एक पाऊल उजवीकडे टाकलं. एक डावीकडे. गुडघ्यांनी करकर केली. त्यांनी कुरकुर केली नाही. साहेबांच्या हाताला धरून त्यांनी एक पूर्ण गिरकी घेतली, पदर सावरला आणि धपकन खुर्चीत बसल्या.

"हं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आता लिही."